आधी किंचित आवळायचं

भाद्रपद लागला की माझ्या टेबलावर गर्दी होते. माणसांची नाही हो, जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सची. आषाढ-श्रावणात कपाटात पडून राहिलेली लेन्स लोक गणपतीच्या फोटोंसाठी बाहेर काढतात, उजेडाकडं धरून बघतात आणि दचकतात. आत बुरशी. बारीक, फांद्या फुटलेली. मग कुणीतरी माझं नाव सांगतं आणि लोक गारखेड्यातल्या माझ्या दोन खोल्यांचा जिना चढून येतात. वर आल्यावर प्रत्येकाचं एकच म्हणणं, "काका, आपल्याकडं कुठं एवढा पाऊस? मराठवाड्यात बुरशी?" मी म्हणतो, बाहेर पाऊस पडो न पडो, तुमची चामड्याची पेटी वर्षभर ओल धरून बसते. लेन्स उघड्या फळीवर ठेवली असती तर काही झालं नसतं. जपून, बंद करून ठेवलीत म्हणून खराब झाली. एवढं बोलून झालं की त्यांचं समाधान होतं, आणि माझा दिवसभराचा बोलण्याचा कोटाही बहुतेक तिथंच संपतो.

बायको पुण्याला मुलाकडं आहे. नातू झाला तेव्हा दोन महिन्यांसाठी गेली होती. नातू आता शाळेत जातो. मधून मधून येते, ताटं-वाट्या घासून चकचकीत करते, माझ्या टेबलाकडं बघून नाक मुरडते आणि परत जाते. भांडण नाही, तंटा नाही. तिकडं तिची गरज आहे आणि इकडं मी आहे, एवढंच. संध्याकाळी सातला फोन येतो.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"जेवलो ना."

"म्हणजे पोहे," ती म्हणते, आणि मला उगाच बरं वाटतं.

काम तसं सोपं आहे सांगायला. लेन्समध्ये काचा एकामागं एक बसवलेल्या असतात. त्या हलू नयेत म्हणून आटे पाडलेली एक पातळ रिंग त्यांच्यावर फिरवून बसवलेली असते. रिंगेला समोरासमोर दोन खाचा. दोन टोकांचा पाना त्या खाचांत बसवायचा, डावीकडं फिरवायचं, रिंग निघाली की काच निघते, काच निघाली की बुरशी पुसता येते. झालं. पण तीस-चाळीस वर्षं जागेवर बसलेली रिंग अशी निघत नसते. कुठं वंगण वाळून खडा झालेलं, कुठं कुणी लाखेचा थेंब सोडलेला, कुठं आट्यांना गंज. आणि हिची गंमत अशी की जोर लावला की ती आणखी रुसते. चिमटीत जोरात धरली तर पातळ धातू दबतो, गोल होती ती लांबट होते आणि जास्तच घट्ट बसते. वाळूजच्या कारखान्यात टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं फिटर होतो. हातोडा हे पहिलं उत्तर असलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला.

समजावलं ते सिटी चौकाजवळच्या एका घड्याळवाल्या चाचांनी. मी त्यांच्यापुढं एक अडलेली लेन्स ठेवून घाम पुसत उभा होतो. त्यांनी ती हातात घेतली, खाचेत स्पिरिटचा एक थेंब सोडला आणि लेन्स बाजूला ठेवून दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा पट्टा बदलायला घेतला. पाऊण तासानं पाना लावला आणि उलट्या बाजूला, म्हणजे आवळायच्या बाजूला, केसभर फिरवलं. टक् असा बारीक आवाज आला. मग सोडवायच्या बाजूला फिरवलं तर रिंग आपसूक निघाली. "पैले जरासा कसने का, मियाँ. फिर खोलने का," ते म्हणाले. "और जल्दी है तो कल आने का."

माझा बाप मेंढरांमागं होता. मेंढीच्या खुरात काटा गेला की तो लगेच ओढत नसे. पाय मांडीवर घेऊन नुसता बसायचा, मेंढी सैल पडेस्तोवर. लहानपणी मला वाटायचं, म्हातारा आळशी आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही अकरा वर्षांपूर्वी एका भाद्रपदात मी घाई केली.

त्या साली पाऊस हटलाच नव्हता. आमच्याकडं भाद्रपदात एरवी ऊन कडक पडतं, मक्याची कणसं भाजत बसलेल्या बायका डोक्यावर पदर ओढून घेतात. त्या साली नुसती रिपरिप. भिंतींना पोपडे, कपड्यांना वास, काडेपेटी पेटायची नाही. टूलरूममध्ये घासलेला तुकडा रात्रीतून तांबडा व्हायचा. तेव्हा आम्ही बजाजनगरला राहत होतो आणि दर रविवारी सकाळी अंकुश माझ्याकडं यायचा.

अंकुश म्हणजे टूलरूममधला माझा जोडीदार. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, मूळचा करमाडचा, राहायला बजाजनगरातच. डायवर, म्हणजे पोलादी साच्यावर, नंबर आणि अक्षरं कोरायचं काम त्याच्याकडं होतं. स्क्राइबर घेऊन बसला की पोलादावर अशी अक्षरं काढायचा जशी पाटीवर पेन्सिल चालते. कामाच्या बाहेर त्याला एकच नाद, फोटो. लग्नं, बारशी, चौदा एप्रिलची मिरवणूक, बुद्धपौर्णिमेच्या मेणबत्त्या. बजाजनगरात निम्म्या घरांत त्यानं काढलेले फोटो असतील. त्याच्याकडं एकच चांगली लेन्स होती, जुनी, पितळी अंगाची, जड. तिच्यातूनच त्यानं करमाडला लिंबाखाली बसवून आपल्या आईचा फोटो काढला होता. त्याआधी त्या माउलीचा एकही फोटो नव्हता. फोटोत ती इतकी रागानं बघतेय की विचारू नका. "आई, हस की," म्हणलं तर म्हणाली, "कशाला? कोण बघतंय मला?" अंकुश हे सांगायचा आणि स्वतःच हसून हसून डोळे पुसायचा.

रविवारी तो माझ्याशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि मी लेन्स उघडताना बघायचा. मध्येच एखादा प्रश्न. "भाऊ, हे असं का वो?" मी सांगायचो. खरं सांगतो, शिकवायला माणूस मिळाला की मला चढायची. माझा पहिला पाना मी शाळेच्या कंपासपेटीतल्या डिव्हायडरची टोकं घासून केला होता. नवा आणल्यावर जुना मी त्याला दिला. त्यानं तो खिशाला पेनासारखा लावला आणि दिवसभर मिरवला.

त्या रविवारी त्यानं आपली लेन्स आणली. मागच्या काचेच्या आत बुरशी धरली होती. "तुम्हीच उघडा, भाऊ. माझा हात नाय धजत." मी स्पिरिटचा थेंब सोडला. तो म्हणाला, "मुरू द्या, तवर मी चहा घेऊन येतो," आणि पिशवीत चहा बांधून आणायला कोपऱ्यावर गेला.

मला वाटलं, पोरगं चहा घेऊन येईस्तोवर उघडून ठेवावी. तोंडात बोट घालील. बस, एवढंच कारण. चाचांचं ऐकलं नाही, आधी आवळलं नाही, थांबलो नाही. पाना खाचेत टेकवला आणि मनगटाचा जोर दिला. टोक खाचेतून सुटलं आणि काचेवरून सरळ पलीकडं गेलं. आवाज असा काही आला नाही. तो बोटांना कळला.

मग रिंग निघाली, बरं का. पुढच्याच वळणाला निघाली. काच पुसली, बुरशी गेली आणि रेघ राहिली. उभी, सरळ, चांगली खोल.

जिन्यावर त्याची पावलं वाजली. पिशवीतला चहा कागदी कपांत ओतत त्यानं विचारलं, "निघाली का, भाऊ?"

मी म्हणालो, "निघाली. पण बुरशीनं काच खाल्लीय रे. खूण राहिली. त्याला इलाज नाही."

त्यानं लेन्स उजेडाकडं धरली. बराच वेळ बघितली. मग माझ्या हातात कप दिला आणि म्हणाला, "असू द्या. बुरशीच ती. तिला काय कळतंय!"

तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत. वर आणखी निलाजरेपणा असा की रिंग बसवताना मी नेहमीप्रमाणं तिच्या आतल्या अंगाला सुईनं 'ह' कोरला आणि पुढं 'भा'. हरी, भाद्रपद. आम्हा दुरुस्तीवाल्यांची ही सवय असते. कुणी, कधी उघडली हे आत लिहून ठेवायचं, गिऱ्हाइकाला कधीच दिसणार नाही अशा जागी. पुढं जो उघडेल त्याच्यापुरतं. हातानं सवयीनं सही केली, आणि कशाखाली केली हे मी बघत होतो.

त्यानंतर त्या लेन्सनं दिव्याचा फोटो काढला की ज्योतीतून एक तिरपी लकेर निघायची. अंकुश फोटो घेऊन यायचा. "बघा भाऊ, लकेर कशी मस्त पडलीय." मी म्हणायचो, "व्हय," आणि काहीतरी हुडकायला उठायचो. मेणबत्त्यांचा फोटो दाखवला, वरातीतल्या बत्त्यांचा दाखवला. प्रत्येक वेळी लकेरीवर बोट. मला वाटायचं हा टोचतोय. मग वाटायचं, छे, ह्याला काय माहीत. आणि मग आणखी वाईट वाटायचं. रविवारी मला कामं निघू लागली. आज पाहुणे येणारेत, आज डोकं दुखतंय. बायको म्हणायची, "अहो, अंकुशभाऊजी आलेत आणि तुम्ही अंघोळीला काय बसलात?" मी आतून पाणी ओतत राहायचो.

पुढच्या उन्हाळ्यात तो एकदा लेन्स घेऊन आला. दारातच उभा राहिला. "भाऊ, हिची मागची रिंग लई आवळलीय. जरा उघडून बघता का? माझ्यानं निघंना."

ती रिंग उघडायची म्हणजे ती रेघ पुन्हा समोर, आणि तो शेजारी स्टुलावर. म्हणालो, ठेवून जा. महिनाभर ती माझ्या कपाटात होती. मी तिला पानाही लावला नाही. महिन्यानं परत दिली आणि सांगितलं, "खूप प्रयत्न केला. अडकलीय ती, निघायची नाही आता."

त्यानं लेन्स हातात उलटी करून बघितली. "अडकली म्हणता?"

"अडकली."

"बरं. नाय तर नाय," तो म्हणाला. चहा न घेता गेला. मीही 'थांब' म्हणालो नाही.

नंतर मी गारखेड्याला राहायला आलो, मग निवृत्त झालो. भेटी लग्नाकार्यात. तो आजारी असल्याचं कळलं तेव्हा तीन वेळा निघालो. रिक्षानं बजाजनगरच्या चौकापर्यंत जायचो, तिथं उतरून उसाचा रस प्यायचो आणि परत यायचो. काय बोलणार होतो? मरणाच्या दारातल्या माणसाला काचेवरच्या रेघेचं सांगत बसू? गेल्या हिवाळ्यात तो गेला. पुण्यानुमोदनाला मी मंडपाच्या पार मागं उभा होतो. पुढं त्याचा फोटो होता, मेणबत्त्या होत्या. फोटो दुसऱ्याच कुणीतरी काढलेला. त्यात एकही लकेर नव्हती.

आणि यंदा भाद्रपदात, पुन्हा तशाच रिपरिपीत, जिन्यावर पावलं वाजली. रेनकोट घातलेली एक मुलगी. "हरीकाका ना? मी प्रज्ञा. अंकुशची मुलगी." पिशवीतून तिनं ती लेन्स काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तिला दसऱ्याला बुद्धलेणीवर फोटो काढायचे आहेत, पप्पांच्याच लेन्सनं. पण आत पांढरं धुरकट झालंय.

"शहरात दुकानं आहेत की गं बरीच," मी म्हणालो.

"पप्पांनी सांगून ठेवलं होतं. ही हरीकाकांशिवाय कुणाला उघडू द्यायची नाय."

मी भिंग डोळ्याला लावलं. रेघ तशीच होती. आणि मग खाचा दिसल्या. त्यांच्या कडांना बारीक चावे होते. माझ्या पान्याची टोकं चपटी आहेत, ती असे चावे घेत नाहीत. हे गोल टोकाचे, घासलेल्या डिव्हायडरचे. रिंग मी बसवली होती त्याच्या बरीच पुढं फिरलेली, करकचून आवळलेली, नवशिके आवळतात तशी. आणि हलू नये म्हणून आट्यांवर एक थेंब सोडलेला. गुलाबी.

मी तिला भिंगातून दाखवलं. "अय्या!" ती ओरडलीच. "ही तर माझी नेलपॉलिश! अकरावीला होते मी. बाटली सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. पप्पा गप पेपर वाचत बसले होते!"

ती हसत हसत गेली. मी बसून राहिलो. म्हणजे माझ्यानंतर अंकुशनं ही रिंग उघडली होती. कशाला? बुरशी तर तेव्हा नव्हतीच.

दोन दिवस थेंब थेंब स्पिरिट सोडलं. सून विसरून गेली होती ते केस वाळवायचं यंत्र काढून रिंगेला शेक दिला. नेलपॉलिश सुटली, रिंग सुटेना. बायकोचा फोन आला तर तिला म्हणालो, "अंकुशची लेन्स आलीय."

ती म्हणाली, "तुमचं काय बिनसलं होतं हो त्यांच्याशी? कधी सांगितलं नाहीत."

"काही नाही."

"काही नाही कसं? तुमच्याकडं येणारं तेवढं एकच तर माणूस होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाना लावला. खाचेत नीट बसलाय ना, दोनदा बघितलं. आधी आवळायच्या बाजूला, केसभर. टक्. थांबलो. मग डावीकडं.

रिंग निघाली. चिमट्यानं उलटी करून कापडावर ठेवली आणि भिंग लावलं. माझा 'ह' होता, 'भा' होता. आणि त्याच्यापुढं, रिंगेच्या गोलाईनं, पूर्ण वळसा घेऊन आलेली मुंगीएवढी अक्षरं. डायवरचीच ती अक्षरं. कुठंही बघून ओळखली असती. रिंग फिरवत फिरवत मी वाचलं.

'रेघ तुमची आहे भाऊ. असू द्या. चहाला या.'

आयुष्यभर धातूवर रेघा ओढणाऱ्या माणसाला मी पान्याच्या टोकाची रेघ बुरशीची म्हणून दाखवली होती! त्यानं पहिल्याच नजरेला ओळखलं होतं. मोठ्या माणसाला तोंडावर खोटं कसं म्हणायचं, म्हणून फक्त मीच वाचीन अशा जागी त्यानं लिहिलं. लिहून, आवळून, माझ्या दारात आणून दिलं. आणि मी म्हणालो, अडकलीय. पानासुद्धा न लावता. माझ्या कपाटात महिनाभर ती पडून होती, आणि आत चहाचं बोलावणं होतं. मी रडलो. घरात कुणी नसण्याचा तेवढा एक फायदा.

दुसऱ्या दिवशी लेन्स साफ करून बजाजनगरला गेलो. रिंग तेवढी बसवली नव्हती, कागदात गुंडाळून खिशात ठेवली होती. चौकात रिक्षावाल्याला म्हणालो, "इथं नाय, पुढं घे."

प्रज्ञानं दार उघडलं. "अहो काका, मीच आले असते की!"

"मला चहाला बोलावलं होतं," मी म्हणालो. तिला कळेना. मी रिंग आणि भिंग तिच्या हातात दिलं. ती खिडकीपाशी उभी राहून रिंग फिरवत गेली. तिच्या ओठांची हालचाल मी बघत होतो. वाचून झाल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लागली.

"प्रज्ञा, ती रेघ माझ्या हातची आहे," मी म्हणालो. अकरा वर्षांत पहिल्यांदा हे मोठ्यानं बोललो. "मी त्याला खोटं सांगितलं. बुरशी म्हणून."

"ते माहीतंय, काका," ती नाक ओढत म्हणाली. "घरात सगळ्यांनाच माहीतंय. ते बघा." तिनं भिंतीकडं हात केला. बुद्धपौर्णिमेचा फोटो होता, मोठा करून चौकटीत लावलेला. मेणबत्त्यांची ओळ, आणि प्रत्येक ज्योतीतून निघालेली एक एक तिरपी लकेर. "नवं कुणी घरी आलं की पप्पा त्यावर बोट ठेवून सांगायचे, ही आमच्या हरिभाऊंची सही."

मग ती आत चहा टाकायला गेली. मी खुर्चीवर बसून तो फोटो बघत राहिलो. म्हणजे अकरा वर्षं मी या घरात भिंतीवर होतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं नाव सांगितलं जात होतं. आणि तिकडं गारखेड्यात मी एकटाच बसलो होतो.